घोडे आमच्या दारावरून जातात: दिव्यांग कल्याण विभागास एका आईचं खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी फलटणला राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. माझा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र काढलेलं आहे, निरामय विमा आहे, तपासण्यांची जाडजूड फाइल आहे. म्हणजे कागदोपत्री तो तुमच्या विभागाला ठाऊक आहे. आज मी लिहिते आहे ते त्याच्या घोडेस्वारीबद्दल. विषय ऐकून पहिल्यांदा सगळ्यांच्याच मनात येतं, की हे श्रीमंतांचे चोचले. माझ्याही मनात तेच आलं होतं. म्हणून थोडं मागून सांगते.

तो सहा वर्षांचा असताना आम्ही त्याला चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला नेलं. पालखी आमच्या तालुक्यात येते, सासूबाईंची दरवर्षीची वारी, घरातलं सगळ्यात लहान लेकरू मागं कसं ठेवायचं? पोचल्यावर पाच मिनिटांत कळलं की चूक झाली. टाळ-मृदंगाचा गजर, जिकडं बघावं तिकडं माणूस, डोक्यावर ऊन. त्यानं दोन्ही कान गच्च दाबले, किंचाळायला लागला, माझ्या मनगटाला चावला. गर्दीतून वाट काढत आम्ही मागं सरत होतो, तेवढ्यात माणसांच्या दोन रांगांमधून अश्व दौडत आले. पुढं स्वाराचा, मागं माउलींचा, ज्याच्यावर कुणी बसत नाही तो. मुलगा एकदम गप्प झाला. एका कानावरचा हात खाली आला. घोडे गेले तशी माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला धावली. आमचा मुलगा उकिडवा बसला आणि मातीत उमटलेल्या एका नालेच्या ठशावर त्यानं तळहात ठेवला. कपाळाला लावला नाही, काही नाही. नुसता ठेवला आणि तसाच बसून राहिला. सासूबाई म्हणाल्या, माउलींची कृपा. मी त्यांना कधी नाही म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून मी घोडा शोधायला लागले.

शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या भागातले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. नीरा उजव्या कालव्याच्या कडेला त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांचे आणि बिऱ्हाडांचे तळ, बसतात. प्रत्येक वाड्यात दोन-चार घोडी असतातच. बसायला नव्हे, बिऱ्हाड वाहायला: वाकळा, भांडी, जाळ्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, आणि त्या सगळ्यावर बांधून बसवलेलं दोन-तीन वर्षांचं पोर. संध्याकाळी मी मुलाला तिकडं न्यायला लागले. एका वाड्यातल्या आजीनं पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, "मागनं येऊ नगंस, बाळा. म्होरनं ये, तिला दिसू दे." तो मागून गेला की आजी त्याला परत पुढं आणायची. न रागावता, दहादा, वीसदा. आता तो कुठल्याही घोड्याकडं समोरून जातो, हात खाली धरून. एवढंच नाही. त्याच्या बहिणीला पूर्वी तो मागून येऊन धडकायचा, तिच्याही आता समोर येऊन उभा राहतो. ओटीमध्ये, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीत, दोन वर्षं आम्ही हीच गोष्ट शिकवत होतो.

मग मी वाचायला लागले, फोन करायला लागले, आणि इथंच आमची पहिली ठेच लागली.

एका शहराच्या वेशीबाहेर एक जागा होती. नाव लिहीत नाही. बोर्डावर मोठ्या अक्षरात होतं, "अश्व थेरपी : १२ सेशनमध्ये मूल बोलू लागेल". बाराही सेशनचे पैसे आधी भरून घेतले. घोडा वरातीचा होता, त्याच्या तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली, जखम होती, आणि ती मला दुसऱ्या दिवशी दिसली. हेल्मेट नव्हतं. घोडा धरणाऱ्या पोराच्या एका हातात दोर, दुसऱ्या हातात मोबाइल. तिसऱ्या सेशनला वारा सुटला, शेडचा पत्रा खडाडला, मुलगा किंचाळला, घोडा आडवा उडाला. मुलगा पडला. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ज्या मुलाला शर्टाच्या कॉलरचा टॅगसुद्धा सहन होत नाही, त्याला सहा आठवडे प्लास्टर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनाच कळेल. तो रात्रभर हात भिंतीवर आपटायचा. आम्ही दोघं पाळीपाळीनं उशी धरून बसायचो.

घोड्यावर माझा तेव्हाही राग नव्हता, आजही नाही. जखमेवर तंग आवळलेला असताना कुठल्याही घोड्यानं तेच केलं असतं. मला धक्का बसला तो नंतर. तक्रार कुठं करायची, हेच कुणाला सांगता येईना. एका कचेरीत सांगितलं, ही थेरपी आमच्या यादीत नाही. दुसरीकडं सांगितलं, प्रश्न घोड्याचा असेल तर आमच्याकडं या, मुलाचा असेल तर नाही. तिसरीकडं सांगितलं, ही खासगी हौस आहे, तुम्ही तुमच्या जबाबदारीवर गेलात. म्हणजे बोर्डावर 'थेरपी' लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि मूल पडलं की ती हौस ठरते. हे पत्र लिहायचं पहिलं कारण ही पोकळी आहे.

दुसरं कारण पुण्यात आहे.

हाड जुळल्यावर वर्षभर मी घोड्याचं नाव काढलं नाही. मुलगा मात्र विसरला नव्हता. वहीची पानंच्या पानं चार पाय आणि आयाळ काढून भरायचा. शेवटी आमच्या ओटी मॅडमनी पुण्यातल्या एका लहानशा अश्वशाळेचा पत्ता दिला. तिथल्या ताईंनी पहिल्या फोनवर मला एकही आश्वासन दिलं नाही. उलट प्रश्नच विचारले. फिट्स येतात का? कमरेचे, मणक्याचे काही प्रश्न आहेत का? धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलंय? वजन किती? त्याला कशाची भीती वाटते, काय आवडतं, नको असलं की तो ते कसं सांगतो? डॉक्टरांचं पत्र आणल्याशिवाय या नका, म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि मला रडू आलं. आमच्या मुलाबद्दल इतके नेमके प्रश्न त्याआधी फार थोड्या लोकांनी विचारले होते.

पहिले तीन शनिवार तो घोड्यावर बसलाच नाही. चंद्री नावाची घोडी, चौदा वर्षांची, पोटानं जरा सुटलेली, शांत. त्याच्या हातात खरारा दिला. मानेपासून पाठीकडं, केस जातात त्या दिशेनं, गोल गोल. मग मऊ ब्रश. मग ओंजळीत चंदी, पाचही बोटं जुळवून, तळवा सपाट. भिंतीवर पाच चित्रं लावलेली: हेल्मेट, खरारा, स्वारी, गाजर, घर. एक काम झालं की ते चित्र तो स्वतः काढून डब्यात टाकायचा. पुढं काय होणार हे त्याला आधी ठाऊक असायचं, त्यामुळं एकदाही मेल्टडाउन झाला नाही. चौथ्या शनिवारी तो उतरणीच्या चौथऱ्यावरून, दोघांच्या आधारानं, चंद्रीच्या पाठीवर बसला. घोडी धरायला पुढं एक जण, तिचं लक्ष फक्त घोडीकडं. दोन्ही बाजूंना एकेक जण, त्यांचं लक्ष फक्त मुलाकडं. शिकवणाऱ्या ताई वेगळ्या. एका मुलामागं चार माणसं. खोगिराऐवजी जाड गादी आणि दोन मुठी असलेला पट्टा, म्हणजे घोडीच्या अंगाची ऊब आणि हालचाल थेट मुलाच्या अंगात जाते.

इथं जरा थांबते, कारण खरी गोष्ट या हालचालीत आहे. घोडा चालतो तेव्हा पाठीवरच्या माणसाची कंबर पुढं-मागं, डावी-उजवीकडं आणि थोडी वर-खाली अशी एकाच वेळी हलते; आपण स्वतः चालताना हलते जवळजवळ तशीच. ती लय मिनिटाला कितीतरी वेळा तशीच येते, चुकत नाही. आमच्या मुलांना शरीर नेमकं कुठं आहे, तोल कुठं जातोय, याचे निरोप मेंदूत नीट पोचत नाहीत. म्हणून ती गोल गोल फिरतात, उड्या मारतात, अंगावर जड वस्तू ओढून घेतात. झोक्यावर तासभर बसणारा माझा मुलगा वीस मिनिटं चंद्रीवर बसला की त्याचे खांदे खाली येतात. मला ते लांबून, कुंपणापलीकडून दिसतं. दुसरी गोष्ट म्हणजे घोडा त्याच्याकडं रोखून बघत नाही, नाव विचारत नाही, "बोल ना, बोल ना" म्हणत नाही. तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते: घोड्याला सांगितलं की काहीतरी घडतं. लगेच घडतं.

आमच्या मुलाचे तेव्हा पंधरा-वीस शब्द होते, पण बहुतेक ऐकलेलंच परत म्हणण्यातले. जाहिरातीतलं वाक्य, टीव्हीवरचं वाक्य. स्वतःला काही हवं म्हणून शब्द काढणं जवळजवळ नव्हतं. हात धरून ओढायचा. ताई दर वेळी चंद्रीला थांबवायच्या आणि वाट बघायच्या. दहा सेकंद, पंधरा सेकंद. त्याच्याकडं न बघता. काहीच नाही आलं तर स्वतः "चल" म्हणून पुढं न्यायच्या. सहा शनिवार असेच गेले. सातव्या शनिवारी चंद्री थांबली, ताई थांबल्या, मी कुंपणाला धरून उभी, आणि तो म्हणाला, "चल." हळू, घोडीच्या मानेकडं बघत. चंद्री चालली. त्यानं परत थांबवून घेतलं नाही, नुसता हसला. ताईंनीच पुढच्या फेरीला थांबवलं. "चल." परत चालली.

परतीच्या एसटीत तो गप्प होता. पण दोन आठवड्यांनी फलटण स्टँडवर गाडी उभी होती, कंडक्टर चहाला गेलेले, इंजिन बंद. मुलगा माझ्या मांडीवरून उठला, ड्रायव्हरच्या सीटकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "चल!" सगळी गाडी वळून बघायला लागली. घोड्यावर शिकलेला शब्द त्यानं गाडीला लावला होता. ज्यांचं मूल पहिल्यापासून बोलतं त्यांना यात काय विशेष असं वाटेल. मी मात्र ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

हे सांगतानाच दुसरंही स्पष्ट सांगते. घोड्यानं ऑटिझम जात नाही. जाण्यासारखा तो आजारच नव्हे. आमचा मुलगा आजही ऑटिस्टिक आहे, उद्याही असणार आहे, आणि "बारा सेशनमध्ये बोलू लागेल" असं लिहिणारा बोर्ड मला कुठंही दिसला तरी माझ्या पोटात गोळा येतो. घोड्याबरोबर ओटी चालू होती, स्पीच चालू होतं, तोही वर्षानं मोठा झाला होता. एका मुलाच्या गोष्टीवरून राज्याचं धोरण ठरत नाही, हे मला समजतं. म्हणून जे अभ्यास सापडले ते मी डॉक्टरांकडून समजून घेतले.

त्यातला सगळ्यात नीट वाटला तो अमेरिकेत कोलोरॅडोत झालेला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. रॉबिन गेब्रिएल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. ऑटिझम असलेली ६ ते १६ वयाची १२७ मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला दहा आठवडे घोडेस्वारी. दुसऱ्या गटालाही तबेल्यातच आणलं, घोड्यांबद्दलच शिकवलं, पण खऱ्या घोड्याचा स्पर्शही नाही. स्वारी करणाऱ्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली, आणि हा फरक पाचव्या आठवड्यापासूनच दिसायला लागला. शब्दांची संख्या वाढली, वेगवेगळे शब्द वाढले, लोकांशी मिसळण्यातही फरक पडला. मात्र आपलं मूल घोड्यावर बसतंय की नाही हे पालकांना ठाऊकच असणार, त्यामुळं पालकांनी भरलेल्या काही उत्तरांत त्यांची आशा मिसळली असेल. तेवढं वजा करूनही हातात काहीतरी उरतं, असं आमचे डॉक्टर म्हणाले. मलाही तसंच वाटतं.

चोचल्यांच्या आक्षेपाला उत्तर म्हणून आणखी एका बाईंचं नाव घेते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल. १९४४ मध्ये, पोटात बाळ असताना, त्यांना पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. तरी त्या परत घोड्यावर बसायला शिकल्या आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये, ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, बायकांना प्रथमच पुरुषांबरोबर उतरता आलं त्याच वर्षी, त्यांनी रौप्यपदक मिळवलं. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना मदत लागायची. पदक घ्यायला व्यासपीठावर जाताना सुवर्णविजेते हेन्री सेंट सिर यांनी त्यांना हात दिला. त्यांच्याकडं बघून युरोपात दिव्यांगांसाठी घोडेस्वारीच्या संस्था उभ्या राहिल्या. इंग्लंडमधली मोठी संघटना १९६९ ची, अमेरिकेतलीही त्याच वर्षाची. तिथं हे काम बऱ्याच अंशी स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं. आठवड्यातून दोन तास घोड्याच्या बाजूनं चालायला येणारी निवृत्त माणसं, कॉलेजची मुलं. ते काम आमच्या तालुक्यात होणार नाही असं मला वाटत नाही. वारीत अनोळखी माणसाचे पाय चेपणारा हा मुलूख आहे.

आता आमचा शनिवार कसा जातो ते सांगते. पहाटे पाचची एसटी, लोणंद, जेजुरी, सासवड, दिवे घाट, स्वारगेट. तिथून रिक्षा. पाऊण तासाची स्वारी. मग तोच रस्ता उलटा. मुलगा घरी येईपर्यंत थकून जातो आणि घोड्यानं दिलेली अर्धी शांतता घाटात सांडते. माझी रजा, ह्यांचा दुकानाचा खाडा, स्वारीची फी, रिक्षा. आम्ही करतो, कारण आम्हाला कसंबसं जमतं. आमच्याच गल्लीत मागं एक मुलगी आहे, बारा वर्षांची, बोलत नाही. तिची आई ऊसतोडीला जाते. ती कशी नेणार पुण्याला?

आणि पुण्याला जाताना दरवेळी रस्त्यात कुठंतरी वाडा दिसतोच. मेंढरांच्या मागं घोडी चाललेली. पाठीवर बिऱ्हाड, त्यावर पोर, बाजूनं कुत्री भुंकतायत, ट्रक हॉर्न वाजवतोय, आणि घोडी आपल्या चालीनं चाललीय. भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजल्याचा अभिमान आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. ती तट्टं अजून आहेत, आणि ती धनगरांनी जपलीत. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं अलीकडे भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवलीसुद्धा. उंचीला बेताची, पायाला पक्की, गोंगाटाला सरावलेली, लेकरांची सवय असलेली. पुण्यातल्या ताईंना मी एकदा वाड्यातल्या घोडीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो तीनदा बघितला आणि म्हणाल्या, "अशी मिळाली तर मी निम्मं काम झालं समजेन." रेसचे घोडे निवृत्त झाले की असल्या कामाला द्यावेत असं लोक सुचवतात, पण ते रक्त तापट असतं, त्यांना नव्यानं शिकवायला फार वेळ लागतो. आमच्याकडं शांत घोडं पहिल्यापासून तयार आहे, आणि त्याला सांभाळणारं माणूसही. नाही ते एवढंच, की या दोघांना आमच्या मुलांपर्यंत आणणारी व्यवस्था.

ती व्यवस्था तुम्ही करू शकता. आपल्या राज्यानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. डिसेंबर २०२२ मध्ये तो सुरू झाला तेव्हा आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते. १९९५ च्या कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. २०१६ च्या कायद्यानं २१ दिव्यांगत्वांत त्याला जागा दिली. त्याच कायद्याच्या कलम ३० मध्ये दिव्यांगांना खेळात भाग घेता यावा यासाठी सरकारनं उपाय करावेत असं आहे. तेव्हा ही थेरपी आहे की खेळ, या वादात फायली अडकू नयेत. थेरपी म्हणून घ्या किंवा खेळ म्हणून, दोन्ही बाजूंनी ती तुमच्याच दारात येते.

सगळ्यात आधी एक परिपत्रक हवं. त्यात फार काही नको. हेल्मेटशिवाय मूल घोड्यावर बसणार नाही. घोडा धरणारा एक आणि नवख्या मुलाच्या बाजूला दोन, यापेक्षा कमी माणसांत स्वारी होणार नाही. डॉक्टरांच्या लेखी पत्राशिवाय सुरुवात नाही, कारण आटोक्यात नसलेल्या फिट्स, खुब्याचे आणि मणक्याचे काही दोष, डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या मणक्यांतला सैलपणा अशा मुलांना स्वारी घातक ठरू शकते. घोड्याची पशुवैद्यकीय तपासणी, त्यात ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची चाचणी धरून, झालेली असावी. घोड्यानं दिवसात किती काम करायचं याला मर्यादा असावी. जखमी घोड्यावर बसवणं म्हणजे मुलावर आणि जनावरावर एकदम अन्याय. आणि "बरं करू", "बोलतं करू" अशी जाहिरात करणाऱ्याला थेरपी हा शब्द वापरता येऊ नये. तक्रार कुणाकडं करायची त्या अधिकाऱ्याचं पद त्या परिपत्रकात लिहा. एवढं असतं, तर माझ्या मुलाचं मनगट बहुधा वाचलं असतं.

मग प्रशिक्षण. आमच्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. साताऱ्याला सरकारी दवाखाना आहे, तिथं फिजिओ, ओटीची माणसं भेटतात. घोड्याचं कळणारे एकीकडं, मुलाचं कळणारे दुसरीकडं, आणि वाड्यावर ती आजी, जिनं पुस्तक न वाचता माझ्या मुलाला घोड्याकडं समोरून जायला शिकवलं. या तिघांना एका जागी बसवा. धनगर समाजातल्या मुलामुलींना घोडा धरण्याचं, बाजूनं चालण्याचं रीतसर प्रशिक्षण द्या, आणि त्याचं मानधन द्या. फुकट सेवा म्हणून त्यांच्याकडं मागू नका. माथेरानला ई-रिक्षा आल्यापासून तिथल्या घोडेवाल्यांना उद्याची काळजी आहे; मुंबईत २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद झाल्या तेव्हा कितीतरी हातांचं काम गेलं. जनावरांचे हाल थांबायलाच हवेत, त्यात दुमत नाही. पण घोडा हाताळण्याची जी पिढीजात जाण आहे, ती वाया जाऊ देऊ नये. चांगली निगा, कमी ओझं, छोटी चाल, सावलीत काम: घोड्यालाही हे काम झेपणारं आहे.

पैशाचं म्हणाल, तर ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येकानं स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आमच्या भागात त्यातून वस्तू वाटल्या जातात, कधी रक्कम खात्यात येते. ज्यांना तीनचाकी हवी त्यांना ती मिळालीच पाहिजे. पण ऑटिझम असलेल्या मुलाला वस्तूंतून फारसं मिळत नाही, त्याला माणसाचा वेळ लागतो. त्या निधीतून एका तालुक्यात एक चौथरा, कुंपण घातलेलं मऊ मातीचं रिंगण, सहा हेल्मेटं आणि चार माणसांचं मानधन द्यायला विभागानं स्पष्ट मुभा दिली, तरी काम उभं राहील. निरामय योजनेत थेरपीचा काही खर्च मिळतो. नोंदणी झालेल्या केंद्रांची स्वारी त्यात बसावी म्हणून केंद्राकडं पाठपुरावा तुम्हीच करू शकता.

मी एकदम ३६ जिल्ह्यांत मागत नाही. घाईनं सगळीकडं काढलं की परत तोच बोर्ड, तीच जखम. एका जागी करा. दहा-पंधरा मुलं, दहा आठवडे, आठवड्यातून एकदा. तितकीच मुलं दुसऱ्या गटात, त्यांनाही काहीतरी चांगलं मिळू दे, नंतर त्यांनाही घोडा मिळू दे. झोप, चिडचिड, शब्द, आईबापाचा थकवा, सगळ्याची प्रामाणिक नोंद ठेवा. कुणाला घोडा आवडणार नाही, तेही लिहा. माझ्या ओळखीतली एक मुलगी तबेल्याच्या वासानंच उलटी करते. तिच्यासाठी हे नाहीच. फायदा दिसला नाही तर बंद करा. मी स्वतः येऊन सांगेन की आम्ही करून बघितलं.

जागा मीच सुचवते. कालव्याच्या कडेला पडीक जमीन आहे, पाणी आहे, लिंबाची सावली आहे. वाड्यावरच्या आजीशी मी बोलले आहे. त्या म्हणाल्या, "घोडी देऊ की, पर तिला उन्हात हुभी करू नका, आन पोटभर चारा." त्यांची अट एवढीच. आमच्या ग्रुपमध्ये तालुक्यातले चौदा पालक आहेत, त्यातले सहा जण आठवड्याला दोन तास बाजूनं चालायला तयार आहेत. ओटी मॅडम महिन्यातून दोनदा यायला तयार आहेत.

दिवाळी झाली की वाडे कोकणाकडं निघतील आणि जूनच्या आत परत कालव्यावर बसतील. परिपत्रक काढायला, शिरवळच्या महाविद्यालयाशी बोलायला, हेल्मेटं मागवायला तेवढे महिने पुरतात. घोडी परत येतील तेव्हा रिंगण आखलेलं असावं. चुना टाकायला आम्ही येऊ.

आपली,
फलटणची एक आई